अर्ज, खोली, भाकरी, डॉक्टर

कॉलेजच्या नोटीस बोर्डावर हल्ली एक रंगीत तक्ता दिसतो. वर मोठ्ठ्या अक्षरांत ‘विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य’. खाली सल्ले. रोज आठ तास झोपा. वेळेवर जेवा. दूध, फळं, पालेभाज्या घ्या. मनातलं घरच्यांशी मोकळेपणानं बोला. रोज दहा मिनिटं एकांतात डोळे मिटून बसा.

आमच्या वस्तीतली, बी.ए.ला असलेली एक पोरगी हा तक्ता उभ्यानं वाचून आली आणि मला म्हणाली, “मामा, एकांत कुठं मिळतोय ओ? एका खोलीत आम्ही सहा माणसं. डोळं मिटून बसलं की आय म्हणती, बसल्या बसल्या झोपलीस काय गं, भांडी कोण घासणार?”

बोलली हसत. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तक्त्यातलं काही खोटं नाही. झोप लागतेच, जेवण लागतंच, बोलायला माणूस लागतंच. पण ज्यानं तो तक्ता लिहिला त्यानं खोली धरून चाललीय, दूध धरून चाललंय, मोकळं बोलता येईल असं घर धरून चाललंय. हे सगळं ज्याच्याकडं आहे त्याच्यासाठी तो तक्ता. आमच्या पोरांचा प्रश्न त्या तक्त्याच्या पहिल्या ओळीच्याही आधी सुरू होतो.

दोस्तांनो, मला या लिखाणात एवढंच सांगायचंय. आपल्या पोरापोरींचं मन मोडतं ते अर्जाच्या खिडकीवर, खानावळीच्या वहीत, वसतिगृहाच्या यादीत आणि खोली बघायला गेल्यावर विचारलेल्या आडनावात. म्हणून इलाज तिथनंच सुरू करावा लागतो. आणि मन मोडलंच तर न लाजता डॉक्टरकडंही जावं लागतं. दोन्ही करायचं. नुसत्या गोळ्यांनी भागत नाही आणि नुसत्या भाषणांनीही भागत नाही.

हे कोण सांगतोय, तर मी जोगतिणीचा पोरगा. गडहिंग्लज तालुक्यातल्या एका गावच्या महारवाड्यात जन्मलो. आई लहानपणी यल्लम्माला सोडलेली. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन, हातात परडी, मंगळवारी-शुक्रवारी जोगवा. इकडं भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, तिकडं कोपऱ्यात देवीचा जग. आमच्या घरात 1956 सालचा धम्म आणि सौंदत्तीची देवी अशी दोन्ही एकाच चिमणीच्या उजेडात राहत होती. आईनं जोगव्याचं पीठ मळलं आणि मला शाळेत घातलं. ती शाळेची एक पायरी चढली नव्हती, पण पाटीवर माझं नाव बरोबर आलंय का चुकलंय हे तिला माझ्या तोंडावरनं कळायचं.

बारावीनंतर गडहिंग्लजला आलो. कॉलेजचं नाव सांगत नाही. नावाला महत्त्व नाही, खिडकीला आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन मी रांगेत उभा. कारकुनानं अर्ज उलटा-सुलटा केला आणि रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, “वडिलांचं नाव रिकामं सोडलंयस. का?”

“नाही.”

“नाही म्हंजे? मेला?”

“नाही.”

“मग काय लिहू? यल्लम्मा?”

रांग हसली. सगळी नाही, पण जी हसली ती पुरेशी होती.

त्या दिवसापास्नं ती खिडकी दिसली की माझे तळहात ओले व्हायचे. छातीत धडधडायचं. पोटात कळ यायची. एस.टी.तनं उतरलं की पाय कॉलेजकडं न वळता हिरण्यकेशीच्या काठाकडं वळायचे. तिथं दगडावर बसून राहायचो. रात्री झोप नाही, सकाळी ऊठवत नाही. गावात म्हणाले, पोरगं आळशी झालं. मास्तर म्हणाले, हजेरी भरत नाही. आई म्हणाली, देवीचं काहीतरी राहिलंय. प्रत्येकाकडं माझ्यासाठी एक शब्द होता. बरोबर शब्द कुणाकडंच नव्हता. आज मी सांगू शकतो की त्याला चिंतेचा आजार म्हणतात. तो अंगातनं बोलतो. पोटातनं, छातीतनं, घामातनं. ज्याला होतो तो पोटाच्या गोळ्या खात हिंडतो.

मला त्यातनं काढलं ते वसतिगृहातल्या एका पुढच्या वर्गातल्या पोरानं. तो काय मानसोपचाराचा माणूस नव्हता. मातंग समाजाचा, आडदांड, फुटबॉल खेळणारा. गडहिंग्लजात फुटबॉलचं वेड जुनं आहे, माळावर चेंडू पडला की गल्ली रिकामी होते. तर हा गडी एक दिवस नदीवर माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “काय करालाईस गा हितं रोज? जेवलास काय?” मी म्हणालो नाही. त्यानं आधी खानावळीत नेऊन जेवू घातलं. मग अर्ज बघितला. मग माझ्याबरोबर खिडकीवर आला, वडिलांच्या रकान्यात स्वतःच्या हातानं माझ्या आईचं नाव लिहिलं आणि कारकुनाला म्हणाला, “आईनं वाढवलाय, आईचं नाव हाय. घ्या.” कारकून त्याच्या खांद्याकडं बघत राहिला आणि अर्ज घेतला.

हे सगळं अर्ध्या दिवसात झालं. त्यात चार कामं होती. भाकरी दिली, अर्ज भरला, बरोबर उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन बघितलं की मी वर्गात गेलो का. आजच्या भाषेत ह्याला ‘विद्यार्थी साहाय्य’ म्हणतात. त्यासाठी समित्या असतात, अहवाल असतात. त्या पोराकडं फक्त वेळ होता आणि लाज नव्हती.

आणि ही रीत त्याची एकट्याची नव्हती. ती आपल्या चळवळीची सगळ्यांत जुनी रीत आहे. भाषणाच्या आधी आपल्याकडं बोर्डिंग आलं. ह्याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली, आणि 1908 साली अस्पृश्यांच्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. 1902 साली 50 टक्के राखीव जागांचा हुकूम निघाला तो आपल्याला पाठ आहे. पण नोकरी राखीव करून भागत नाही, त्या नोकरीपर्यंत पोचायला पोराला कोल्हापुरात रात्री पाठ टेकायला जागा पाहिजे, हे त्या राजाला उमगलं होतं.

बाबासाहेबांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. 1917 साली ते कोलंबिया आणि लंडन बघून बडोद्याला नोकरीवर हजर झाले. एवढा शिकलेला माणूस, आणि राहायला खोली नाही. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला तर काठ्या घेऊन माणसं दारात आली आणि बाहेर काढलं. संस्थानाच्या अधिकाऱ्याला सगळ्या शहरात कुणी घर देईना. पदवीनं खोली मिळत नाही, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर सोसलं होतं. पुढं 20 जुलै 1924 ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि सहा महिन्यांच्या आत, 4 जानेवारी 1925 ला, सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं. महाडचं तळं त्यानंतर, 1927 ला. म्हंजे सत्याग्रहाच्या आधी पोरांच्या जेवणाची-झोपायची सोय. आपण जयंतीला तळं सांगतो, बोर्डिंग सांगत नाही. मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती 1944 साली सुरू झाली, त्यामागंही त्यांचाच रेटा होता. पीपल्स एज्युकेशन सोसायटी 1945, सिद्धार्थ कॉलेज 1946. हा सगळा क्रम लक्षात ठेवा. पोराला आधी उभं करायचं, मग लढायला सांगायचं.

गडहिंग्लजची गोष्ट तर आपली घरचीच. 1975 साली याच गावात देवदासींची परिषद भरली. मी तेव्हा पाळण्यातला. परडी घेऊन दारोदार फिरणाऱ्या बाया पहिल्यांदा मांडवात येऊन आपल्या प्रश्नावर बोलल्या. प्रा. विठ्ठल बन्ने आणि त्यांच्या सोबत्यांनी हे काम वर्षानुवर्षं इथं लावून धरलं. मोर्चे काढले, पेन्शन मागितली, आणि देवदासींच्या मुलांसाठी वसतिगृह चालवलं. कायदे तर आधीपास्नं होते. मुंबई इलाख्यात 1934 सालचा, मग कर्नाटकात 1982 चा, मग महाराष्ट्राचा 2005 चा. कायदा कागदावर आईला मोकळी करतो. पण तिच्या पोराच्या अर्जातला रकाना रिकामाच राहतो, आणि रोज त्या रकान्याला तोंड द्यायचं असतं ते पोराला. वसतिगृहात एक फायदा असा की तिथं सगळ्यांचाच रकाना रिकामा. कुणी कुणाला विचारत नाही. ज्यानं हे भोगलंय त्यालाच कळेल की न विचारलं जाणं हे केवढं औषध आहे.

आता आजचं सांगतो.

मी एका पतसंस्थेत कारकून आहे. रविवारी विहारात टेबल टाकून बसतो. पोरं कागद घेऊन येतात. अर्ज आता संगणकावर भरतात, त्यामुळं खिडकीवरचा तो कारकून गेला. त्याच्या जागी यंत्र आलं. ते हसत नाही, पण दयाही करत नाही. आईचं नाव दाखल्यात ‘येल्लवा’, आधारावर ‘यल्लुबाई’, रेशनकार्डात ‘यलाबाई’, की अर्ज अडकला. बँकेच्या खात्याला आधार जोडलेलं नाही, अडकला. उत्पन्नाचा दाखला जुना, अडकला. पोरगं मोबाईलवर रोज बघतं आणि तेच लाल अक्षर दिसतं. शिष्यवृत्ती येईल या भरवशावर खानावळ चालू असते. महिना, दोन महिने, चार महिने. मालक आधी गप्प असतो, मग वही पुढं सरकवतो, मग ताट उशिरा देतो. पोरगं एक वेळचं जेवण बंद करतं. मग दुसऱ्या वेळचंही चहा-बिस्किटावर नेतं. आणि वर्गात मास्तर विचारतात, लक्ष कुठं आहे?

पोरींचं आणखी वेगळं. धाप लागते, चक्कर येते, केस गळतात, बसलं की ऊठू वाटत नाही. घरचे म्हणतात, नखरे. रक्त तपासा म्हटलं की कळतं, हिमोग्लोबिन आठ नाही तर नऊ. बाईमाणसाचं बारापेक्षा कमी असलं की त्याला रक्ताची कमतरता म्हणायची. सरकारी दवाखान्यात तपासणी होते, लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. जेवणावर लगेच चहा घेतला की लोह अंगी लागत नाही, लिंबू पिळलं की लागतं. एवढी साधी गोष्ट. पण कुणी सांगितलेली नसते. आणि पोरगी स्वतःलाच आळशी समजून रडत बसते.

आणखी एक आमच्या भागातलं. केसांत गुंता झाला, तेल-पाणी-फणी झाली नाही की जट होते. पण आमच्याकडं जट म्हंजे देवीचं बोलावणं. एका हुशार पोरीच्या डोक्यात जट धरली आणि घरात कुजबुज सुरू झाली, हिला सौंदत्तीला न्यायला पाहिजे. ती पोरगी तीन आठवडे कॉलेजला गेली नाही. तिला अभ्यासाचं टेन्शन नव्हतं. आपल्या आजीचं आयुष्य आपल्या डोक्यावर उगवतंय ह्याचं भय होतं. कार्यकर्त्या बाया घरी गेल्या, आजीला शेजारी बसवून घेतलं, कात्री आजीच्याच हातात दिली. जट कापली. देवीनं काही केलं नाही. पोरगी सोमवारी कॉलेजला गेली. ह्याला कुठल्या तक्त्यात सल्ला लिहिलेला नाही.

आता त्या पोराचं सांगतो. नाव, गाव सांगणार नाही. कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेलं खेडं, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. आई-बाप ऊसतोडीला. पोरगं विहारात यायचं बंद झालं. मित्र म्हणाले, खोलीतनं बाहेर येत नाही. गेलो. दार लोटलं तर भर दुपारी अंधार करून पडलेला. गालफडं आत गेलेली. “काय झालं रे?” “काय न्हाई.” “जेवलास?” “भूक न्हाई.” महिना झाला म्हणे झोप नाही. आवडायचं ते सगळं नकोसं झालं. आपण कामाचे नाही, आई-बापावर ओझं झालोय, असं एकसारखं डोक्यात.

मी त्याला सरळ विचारलं, “जगूसं वाटत न्हाई, असं होतंय काय?”

पुष्कळ लोक असं विचारायला घाबरतात. वाटतं, आपणच डोक्यात घालू. तसं होत नाही. डॉक्टर लोक सांगतात, सरळ विचारल्यानं विचार वाढत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तो बराच वेळ भिंतीकडं बघत राहिला आणि म्हणाला, “व्हय मामा.” मग रडला. रडू दिलं. त्या रात्री त्याला एकटं ठेवलं नाही. दोघं मित्र खोलीत झोपले. 14416 ला फोन लावून दिला. हा सरकारचा टेली-मानस नावाचा फोन आहे, ऑक्टोबर 2022 पास्नं सुरू झालेला. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईनं त्याला नावही विचारून घेतलं नाही, आधी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याची आई तोड सोडून आली. तिनं देवर्ष्याला विचारलं होतं. देवर्ष्यानं कोंबडं आणि सौंदत्तीची वारी सांगितली होती. आमच्यातले दोन तरणे कार्यकर्ते तिच्यावर तुटून पडले, “बावीस प्रतिज्ञा विसरला काय?” मी त्यांना बाजूला घेतलं. मी म्हणालो, “आक्का, तू पोराची आई हाईस. डाक्टरकडं तू पण चल. जे सांगतील ते तू ऐक, आणि गोळी तू तुझ्या हातानं दे.” तिनं कपाळाला भंडारा लावलाच. लावू दिला. भंडाऱ्यावरनं भांडायला पुढं आयुष्य पडलंय. त्या दिवशी पोरगं दवाखान्यात पोचणं महत्त्वाचं होतं. तरण्या पोरांना हे पटलं नाही, अजूनही एक जण माझ्याशी वाद घालतो. घालू दे.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं. आजाराचं नाव सांगितलं, नैराश्य. सांगितलं की दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस मन बसलेलं, झोप-भूक उडालेली, कशात गोडी नाही, असं असलं की हा आजार समजायचा आणि उपचार घ्यायचा. गोळी आज घेतली आणि उद्या बरं वाटलं असं होत नाही, दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून मधेच बंद करायची नाही. ह्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. आईनं विचारलं, “पोरगं येडं झालं काय डाक्टर?” डॉक्टर म्हणाले, “साखरेचा आजार होतो तसा हा मनाचा आजार. बरा होतो.” बाईनं पदरानं तोंड पुसलं.

पण इथं आपलं काम संपलं नाही, इथनं सुरू झालं. पोराशी हळूहळू बोललो तेव्हा कळलं. शिष्यवृत्ती आधारच्या घोळात अडकलेली. खानावळीची चार महिन्यांची उधारी. आधीच्या खोलीवरनं काढलेलं, कारण मालकाला उशिरा आडनाव कळलं होतं. प्रयोगशाळेत जोड्या पाडताना ह्याला कुणी जोडीला घेतलं नव्हतं, सगळं वर्ष हा एकटा उभा. आता सांगा, ह्याला गोळी एकटी काय करील? गोळीनं झोप आली, डोकं थोडं वर निघालं. बाकीचं आम्ही वाटून घेतलं. एकानं बँकेत जाऊन आधार जोडून घेतलं. दोघं खानावळवाल्याकडं गेले, थोडे पैसे वर्गणीनं भरले, बाकीचे हप्त्यानं ठरवले. एकानं खोली शोधली. आणि एक पोरगी, ह्याच्याच वर्गातली, सरांना जाऊन म्हणाली, मी याच्याबरोबर प्रयोग करते. परीक्षेला तो बसला. दोन विषय राहिले. राहू देत. पोरगं राहिलं.

सगळी राहत नाहीत. 17 जानेवारी 2016 ला हैदराबादला रोहित वेमुला गेला. त्याची शिष्यवृत्ती थांबलेली होती, वसतिगृहातनं बाहेर काढलेलं होतं. 22 मे 2019 ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली, जळगावकडची आदिवासी मुस्लिम पोरगी, डॉक्टर होऊन वर डॉक्टरी शिकायला आलेली. फेब्रुवारी 2023 मध्ये पवईच्या आय.आय.टी.त दर्शन सोळंकी गेला, अठरा वर्षांचा. घरच्यांनी जातीचा प्रश्न उभा केला. बाहेरच्यांनी विचारलं, मन एवढं कच्चं कसं? रोहितची आई राधिका आणि पायलची आई आबेदा या दोघी 2019 साली सुप्रीम कोर्टात गेल्या. पोरं गमावलेल्या दोन आयांनी दुसऱ्यांच्या पोरांसाठी कोर्टाची पायरी चढली, हे विसरू नका. 24 मार्च 2025 ला सुप्रीम कोर्टानं विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांवर निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमलं.

एक गोष्ट मात्र मोठ्यानं बोलली पाहिजे. आपल्या कवितांत मरणाला फार मान आहे. गेलेल्याचा फोटो आपण उंच धरतो, धरलाच पाहिजे, न्याय मागितलाच पाहिजे. पण जिवंत असलेल्या, अंधारात पडलेल्या पोराला असं वाटू नये की मेल्यावरच आपली दखल घेतात. त्याची दखल आज घ्या. त्याच्या दाराशी आज जा.

आणि हक्काचं काय आहे ते माहीत करून घ्या, कारण भीक आणि हक्क यांत फरक माहितीचाच असतो. 2012 साली विद्यापीठ अनुदान आयोगानं नियम काढले. कॉलेजात समान संधी कक्ष असावा, भेदभावाची तक्रार घ्यायला अधिकारी असावा, असं त्यात लिहिलं. आमच्या पोरांनी एका कॉलेजात जाऊन हा अधिकारी कोण म्हणून विचारलं, तर तीन टेबलं फिरवली आणि चौथ्या टेबलावर म्हणाले, उद्या या. तुम्हीही विचारा. लेखी विचारा, पोच घ्या. 2017 चा मानसिक आरोग्याचा कायदा सांगतो की सरकारी सेवेत मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, आजाराची माहिती गुप्त राहिली पाहिजे, आणि ज्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला त्याला गुन्हेगार न धरता तो तणावाखाली होता असं धरून त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम आहे. म्हणून पोलीस केस होईल या भयानं कुणाला घरात कोंडून ठेवू नका. ज्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी 2016-17 पास्नं बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे, जेवणाचे, राहण्याचे पैसे खात्यावर येतात. समाजकल्याणच्या कार्यालयात जाऊन तारीख विचारा, तारीख गेली की वर्ष गेलं.

आणि माझ्यासारख्या रकानेवाल्यांसाठी. बाप दुसऱ्या जातीचा आहे किंवा बापाचा पत्ताच नाही म्हणून जातीचा दाखला अडवतात. 2012 साली रमेशभाई नायका यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जात आपोआप बापाचीच धरता येणार नाही, मूल कुणी वाढवलं, कुठल्या समाजात वाढलं, काय भोगलं हे पुराव्यानं बघावं लागेल. म्हणून पुरावे ठेवा. शाळेचा दाखला, वस्तीतल्या जुन्या माणसांचं म्हणणं, आईचे कागद. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचं नाव सक्तीचं झालंय, बाळाच्या नावापाठोपाठ आईचं, मग बापाचं. माझी आई हे बघायला नाही. असती तर तिनं विचारलं असतं, “आता माझं नाव लिवत्यात व्हय रं? आणि आधी काय झालतं?”

तुम्ही तरणे आहात, तुमच्या अंगात रग आहे. मोर्चा काढा, निवेदन द्या, घोषणा द्या. पण आठवड्यातला एक वार राखून ठेवा. प्रत्येक वस्तीत दोन पोरं आणि दोन पोरी. एक वही करा. कॉलेजला कोण कोण जातंय, कोण आठ दिवस दिसलं नाही, कुणाचा अर्ज अडकलाय, कुणाची खानावळ थकलीय, कुणाच्या गोळ्या संपत आल्यात. वही उघड्यावर ठेवू नका, त्यात पोरांची इज्जत आहे. कुणाला मनाचा आजार आहे हे चहाच्या टपरीवर बोलायचं नाही, ही पहिली अट. डॉक्टर व्हायला जाऊ नका, डॉक्टरपर्यंत पोचवा. पोचवून परत या, आणि आठ दिवसांनी पुन्हा जा.

जूनमध्ये प्रवेश सुरू होतील. मे महिन्यातच टेबल टाका. पोराला सांगा, येताना आईला घेऊन ये. तिचा दाखला, आधार, रेशनकार्ड एकमेकांवर ठेवून बघा, नाव तिन्हीकडं सारखं आहे का. नसेल तर आधी तेच दुरुस्त करायला लागा, त्याला दोन महिने जातात. आणि कोणतं नाव ठेवायचं हे तिलाच विचारा. गावानं ठेवलेलं, देवीनं ठेवलेलं, का तिला आवडतं ते. तिला हे कुणी विचारलेलं नसतं, त्यामुळं जरा वेळ लागेल. थांबा तेवढं.